मोटर नंतर, आधी वेग!

इलेक्ट्रिक म्हटलं की आपल्या कॉलेजमध्ये सगळ्यांना स्कूटरच आठवते. दर वर्षी फायनल इयरचा एखादा ग्रुप जुन्या स्कूटरचं इंजिन काढून मोटर बसवतो, फोटो काढतो, मार्क्स घेतो आणि मग ती स्कूटर वर्कशॉपमागे गंजत पडते. माझं म्हणणं असं, की रूपांतर करायचंच असेल तर डिझेल बोटीचं करा. "नागपुरात कुठली आली बोट?" असं विचारणाऱ्यांनी एखाद्या रविवारी कुही तालुक्यात अंभोऱ्याला जाऊन यावं.

तिथे गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर पसरलंय. पूर्वी पलीकडे भंडारा जिल्ह्यात जायला नावेचाच आधार होता. जानेवारी २०२४ मध्ये केबलचा मोठा पूल सुरू झाला आणि बाजाराला, पाहुणपणाला जाणारी माणसं पुलावरून जायला लागली. आता बोटीत बसतो तो फिरायला आलेला माणूस. त्याला पलीकडे पोचायची घाई नसते. इलेक्ट्रिक बोटीचं सगळं गणित माझ्या मते या घाई नसण्यावरच उभं आहे.

पाण्यात बोट पुढे ढकलायला लागणारी पॉवर ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १० किलोमीटरने जाणारी बोट ८ वर आणली की पॉवर जवळजवळ निम्मी लागते (०.८ चा घन ०.५१२, कॅल्क्युलेटर शोधू नका). तेवढंच अंतर कापायला वेळ सव्वापट लागतो, तरी एकूण ऊर्जा सुमारे ३६ टक्के वाचते. मोटर कितीही भारी आणली तरी एवढी बचत तिच्यातून निघणार नाही.

आता बॅटरी. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॉट-तास ऊर्जा असते. जुनं छोटं इंजिन त्यातली जेमतेम चौथाई शाफ्टपर्यंत पोचवतं, बाकी उष्णतेत आणि धुरात जाते. म्हणजे एका लिटरच्या बदल्यात बॅटरीतले सुमारे ३ किलोवॉट-तास लागतील. लिथियम फॉस्फेटची बॅटरी घेतली तर ३० किलोच्या आसपास, लेड-ॲसिडची घेतली तर शंभराच्या जवळ. पाच लिटरच्या कॅनऐवजी दीडशे किलो! स्कूटरवाला इथेच हात टेकतो. बोटीत मात्र हे वजन तळाशी, मधोमध, घट्ट बांधून ठेवता येतं. इंजिन आणि टाकी निघाल्यावर थोडी भरपाई होते, तरी एक-दोन प्रवासी कमी घ्यावे लागतील हे आधीच मान्य करावं.

केरळमध्ये वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर बोट चालू झाली. पण ती जुन्या बोटीत मोटर टाकून केलेली नव्हती. दोन सडपातळ तळांची, हलकी, मुद्दाम कमी वेगासाठी बांधलेली नवी बोट होती ती, आणि मार्गही छोटा, ठरलेला. आपल्याला जुनीच जड बोट वापरायची असेल तर वेगावर आणखी पाणी सोडावं लागेल. पंखाही जुना चालणार नाही. मोटर कमी फेऱ्यांतही जोर देते, म्हणून तळाखाली जागा असेल तर मोठा, सावकाश फिरणारा पंखा बसवावा. आणि जलपर्णी! ती पंख्यात गुंतली की छोटं इंजिन गचके देऊन बंद पडतं. मोटर तशीच जोर लावत राहते, करंट वाढतो आणि वाइंडिंग जळतं. त्यामुळे करंट लिमिट हवीच. हे आमच्या सिलॅबसमध्ये आहे, फक्त जलपर्णीचं नाव नाही.

आता पैशाचं. मे २०१७ मध्ये ओलाने आपल्याच शहरात इलेक्ट्रिक टॅक्सी आणल्या होत्या. चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास जायला लागले तेव्हा काही चालक पुन्हा डिझेल मागू लागले. चालकांना नावं ठेवणं मला पटत नाही. धंद्याच्या वेळी गाडी उभी राहिली तर हप्ता कोण भरणार? बोटवाल्याचंही तेच आहे. डिझेल तो रोजच्या कमाईतून रोज घेतो. बॅटरीचे पैसे मात्र एकदम मोजावे लागतात. म्हणून बॅटरी त्याच्या नावावर नकोच. ती सहकारी संस्थेची किंवा पर्यटन प्रकल्पाची असावी, त्याने फक्त वापरल्याचे पैसे द्यावेत. चार्जिंग रात्री करावं. मे महिन्याच्या दुपारी बंद डब्यातली बॅटरी चार्ज करायची म्हणजे तिचं आयुष्य कमी करायचं. धरणाची पातळी वर-खाली होते, त्यामुळे काठावर पक्का खांब रोवूनही उपयोग नाही, केबल लांब लागेल.

आमच्या डिपार्टमेंटने यंदा मोटर विकत घेण्याआधी एक वही विकत घ्यावी. महिनाभर एका बोटीच्या फेऱ्या, माणसं, वेग आणि लिटर लिहून काढायचे, बस्स. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल, दोन्हीकडची मुलं-मुली हवीत. पोहता येणाऱ्यांना प्राधान्य.