एकमताचं झाड

पारनेरला आमच्या भावकीत तीन वंशावळी आहेत. तिन्हींत मूळपुरुष एकच, भांडण फक्त खंडूजी कोणाचा मुलगा यावर. दोन कागद म्हणतात थोरल्याचा, तिसरा म्हणतो धाकट्याचा. ‘दोन विरुद्ध एक, विषय संपला,’ असं काका म्हणतात. पण ते दोन्ही कागद एकाच भाटाच्या वहीतून उतरवलेत, हे कोणी बोलत नाही!

मित्रांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टला मी सह्याद्रीतल्या बेडकांच्या डीएनएवरून त्यांचा वंशवृक्ष काढायला बसलो, तेव्हा हेच भांडण स्क्रीनवर दिसलं. दहाच जाती घेतल्या, तरी मुळासकट, दर फाट्याला दोन फांद्या अशी 3,44,59,425 झाडं शक्य असतात. मग करायचं बूटस्ट्रॅप (फेल्सनस्टाइन, 1985). डीएनएचे रकाने चिठ्ठ्यांसारखे उचलायचे, चिठ्ठी परत टाकून पुन्हा उचलायची. असे शंभर संच, त्यांची शंभर झाडं, आणि ती जुळवून एक ‘कन्सेन्सस ट्री’. कडक नियम लावला तर सगळ्याच झाडांत सापडणारा गट टिकतो, बहुमताचा लावला तर निम्म्याहून जास्त झाडांतला.

माझ्या एका फाट्यावर आकडा आला 53. ‘आकडे काढून टाक, आकृती स्वच्छ दिसेल,’ असा सल्ला मिळाला आणि मार्कांपायी मी तो ऐकला. आज लाज वाटते. आकडा पुसला की 53 आणि 100 सारखेच दिसतात. बरं, 100 आला तरी ते सत्याचं सर्टिफिकेट नव्हे. शंभरही झाडं एकाच जीनच्या माहितीतून उगवलेली. त्या जीनचा इतिहासच जातींपेक्षा वेगळा असेल, तर सगळी मिळून एकच चूक करतात. (भाटाची वही!)

म्हणून माझं म्हणणं, आकडा छापाच. निम्म्याच्या खाली गेला तर फाटा उघडा ठेवा, तीन-चार फांद्या एकाच ठिकाणाहून निघू द्या. बेढब दिसेल, दिसू दे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 ते 1966 खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. एवढी हस्तलिखितं ताडून पाहिली, तरी जिथे पाठाची पुरती खात्री नव्हती तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली. सुकथनकरांसारख्या पंडितांना त्यात कमीपणा वाटला नाही, आपल्याला व्हायवात कसला वाटतो?

दिवाळीत काकांना म्हटलं, खंडूजीच्या नावाखाली तशी रेघ मारा. काका म्हणाले, ‘आणि सात-बाऱ्यावर काय लिहू, नागमोडी?’