व्हीलचेअर मिळते हो, पण पुढे काय?

मंडळी, आपल्या भागात ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्था कमी नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघ आहे, पलंग-वॉकर नाममात्र भाड्याने देणारं मंडळ आहे, धर्मादाय फिजिओथेरपी केंद्र आहे, घरपोच डबा देणारा बचत गट आहे. अडचण अशी की यातल्या एकाला दुसऱ्याचं काही माहीत नसतं.

समजा, एकट्या राहणाऱ्या आजी खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी आल्या. पलंग एकीकडून, डबा दुसरीकडून, आयाबाई तिसरीकडून. आजी गोळ्या वेळेवर घेतात का, उठून चालायला लागल्या का, हे विचारायचं कोणी? मुलगा परगावाहून दहा फोन फिरवतो. ज्यांना मुलगाच नाही, त्यांचं काय?

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २००७ चा ज्येष्ठांचा कायदा आहे. १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर जरूर सेव्ह करा. पण दोन महिने दर आठवड्याला दार वाजवायला माणूस जवळपासचाच लागतो.

केरळात मलप्पुरम, कोझिकोडकडे हे करून दाखवलंय. वस्तीतले स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्यांची माहिती ठेवतात, नर्स घरी जाते, औषधं आणि शिधा लोकवर्गणीतून. २००८ मध्ये तिथल्या सरकारने याचं धोरण केलं आणि पंचायतींनाही त्यात जोडून घेतलं. आधी लोक उभे राहिले, मग सरकार आलं.

माझं म्हणणं एवढंच : सगळ्या संस्थांनी मिळून प्रभागात एक पगारी समन्वयक नेमावा. पगारी अशासाठी, की संघाचे कार्यकर्ते स्वतःच सत्तरीत आहेत, त्यांच्याच गुडघ्यांवर किती भार टाकणार? एक वही, एक फोन नंबर, आणि आजींच्या परवानगीने त्यांची माहिती सगळ्यांकडे. पगाराचा अर्धा वाटा महापालिकेकडे मागू, अर्धा आपण वर्गणीतून उभा करू.

"मग आमच्या संस्थेचं नाव कुठे राहणार?" हा प्रश्न येणार, मला ठाऊक आहे. बोर्डावर सगळ्यांची नावं लिहा की! आजींना कुठे बोर्ड वाचायचाय? त्यांना वेळेवर डबा हवाय आणि विचारपूस करणारं माणूस हवंय.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन. यंदा शाल-श्रीफळाऐवजी या संस्थांची एक बैठक लावूया का? कोण कोण येणार, खाली लिहा.