पुनरागमनाचा हक्क

निवृत्त झालेल्या जगज्जेत्या चालकाने पुन्हा शर्यतीत उतरावे की नाही, हा प्रश्न निघाला म्हणजे मायकेल शूमाकरचे नाव हमखास पुढे केले जाते. सात विश्वविजेतेपदे आणि ९१ विजय पदरी असताना २००६ साली सन्मानाने निवृत्त झालेला हा जर्मन वीर, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, २०१० मध्ये मर्सिडीज संघातर्फे परतला आणि तीन हंगामांत त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. तेव्हा त्याने आपली इभ्रत आपल्याच हाताने घालविली, असा निवाडा अनेकांनी देऊन टाकला. तो आम्हांस मान्य नाही.

जो पराक्रम एकदा दप्तरी दाखल झाला, त्यातील एक अक्षरही पुढील अपयशाने खोडले जात नाही. शिवाय ते अपयश तरी निर्भेळ होते काय? मोनॅकोच्या ज्या अरुंद रस्त्यांवर लोखंडी कठडे चाकांपासून जेमतेम वीतभर दूर असतात, तेथे मे २०१२ मध्ये, त्रेचाळीस वर्षांच्या या गृहस्थाने १ मिनिट १४.३०१ सेकंदांत फेरी पुरी करून साऱ्या तरुणांना मागे टाकले. स्पेनमधील आधीच्या टकरीबद्दल पाच स्थानांचा दंड झालेला असल्यामुळे अग्रस्थान हुकले. हातातले कसब मात्र हुकलेले नव्हते.

निकी लाउडाची कथा तर याहून बोलकी आहे. १९७९ साली कॅनडातील सराव अर्ध्यावर सोडून हा ऑस्ट्रियन चालक निघून गेला, विमान कंपनी चालवू लागला, आणि १९८२ मध्ये मॅक्लारेनमधून परतताच तिसऱ्याच शर्यतीत, लाँग बीच येथे, विजयी झाला. १९८४ चे विश्वविजेतेपद त्याने अॅलँ प्रोस्तवर अवघ्या अर्ध्या गुणाने मिळविले: ७२ विरुद्ध ७१.५. मिळविलेली कीर्ती जपून घरी बैस, असा सल्ला त्याला कोणी दिला असता आणि त्याने तो मानला असता, तर हे तिसरे विजेतेपद क्रीडाविश्वाने पाहिलेच नसते.

परतण्याचा हा हक्क अर्थातच बिनशर्त नाही. २००९ मध्ये फेलिपे मासा जखमी झाला असता फेरारीने शूमाकरला पाचारण केले. परंतु मोटारसायकलवरून पडून मानेला झालेली दुखापत पुरती बरी झालेली नव्हती, म्हणून त्याने माघार घेतली, आणि ते योग्यच झाले. याउलट, २०१० साली हंगेरीत त्याने रुबेन्स बारिकेल्लोला भरधाव वेगात भिंतीकडे रेटले, ते सर्वस्वी गर्हणीय होते. बारिकेल्लोची मोटार आणि ती भिंत यांत काही अंगुळांचेच अंतर उरले होते. पंचांनी त्याबद्दल पुढील शर्यतीत दहा स्थानांचा दंड केला.

तेव्हा परतणाऱ्या चालकाची प्रकृती वैद्यांनी कसून तपासावी आणि मैदानावरील त्याची वर्तणूक पंचांनी, कोणाच्या नावाचा मुलाहिजा न ठेवता, पाहावी. त्याच्या कीर्तीचे काय करावे, हे ठरविण्याचा अखत्यार ज्याने ती मिळविली, त्याचाच आहे. तो रसिकांनी त्याच्याकडेच राहू द्यावा.