सातमाशी बाळाची शिदोरी

“सातमाशी मूल जगतें, आठमाशी जगत नाहीं,” असें आमच्या वऱ्हाडांत अजून ऐकूं येतें. हा समज खोटा आहे. गर्भांत दिवस जितके अधिक, तितकें बाळाचें बळ अधिक; कारण त्याच्या यकृतांत साखरेचा सांठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत होतो. ३७ आठवड्यांपूर्वीं जन्मलेलें मूल ही शिदोरी पुरती न बांधतांच येतें. नाळ तुटतांच आईकडून येणारी साखर थांबते. मेंदूची भूक मात्र थांबत नाहीं.

अशा वेळीं मूल रडत नाहीं, नीट पीत नाहीं, निपचित पडून राहतें. घरांतील वडील माणसें कौतुकानें म्हणतात, “किती शांत आहे हो!” ही शांतता घातक असूं शकते, आणि कधीं कधीं तर साखर उतरूनही बाहेर कांहींच लक्षण दिसत नाहीं.

म्हणून टांचेंतून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजावी लागते : पहिल्या दोन तासांत एकदां, व पुढें तीन दिवस ठराविक अंतरानें. १०० मिलिलिटर रक्तांत ती ४५ मिलिग्रॅमच्या खालीं गेल्यास सामान्यतः उपचार करितात. अमरावतीचें डफरीन व अकोल्याचें लेडी हार्डिंग या स्त्री-रुग्णालयांत अशा बाळांसाठीं स्वतंत्र कक्ष आहेत. “एवढ्याशा जिवाला किती टोंचायचें?” असें आजीबाईंस वाटणें स्वाभाविक आहे, पण त्या थेंबावांचून डॉक्टरांनीं ओळखावें कशावरून?

इन्सुलिन मात्र सरसकट मोजीत नाहींत. साखर वारंवार उतरूं लागली तरच, आणि तेंही ती उतरलेली असतांनाच रक्त घेतात. त्या क्षणीं इन्सुलिन जवळजवळ नाहींसें असावयास हवें. तें आढळलें, तर दोष रित्या शिदोरीचा नसून इन्सुलिनच्या अतिरेकाचा, हें कळतें व उपचार बदलतात. हा सूक्ष्म अंश मोजण्याची रीत रोझलिन यालो या विदुषीनें सॉलोमन बर्सन यांच्यासह १९६० च्या सुमारास सिद्ध केली; १९७७ सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें.

घरच्या मंडळींच्या हातींही पुष्कळ आहे. मध, गूळपाणी कांहीं देऊं नये. त्यानें आईचें दूध मागें पडतें व जंतु पोटांत जातात. आईचा चीक शक्य तों पहिल्या तासांतच पाजावा. चोखतां येत नसेल तर तो काढून डॉक्टरांच्या सल्ल्यानें द्यावा. धारणीहून अमरावतीस न्यावयाचें झाल्यास घाटाच्या लांब वाटेंत बाळाला आईच्या उघड्या छातीशीं धरून ऊब द्यावी; अंग गार पडलें कीं आहे ती साखरही लवकर संपते.

आणि मूल फारच शांत वाटलें, तर दृष्ट काढीत न बसतां आधीं साखर मोजून घ्यावी.