वाडीतील पालाश ताटातही हवे

केळीच्या घडास पालाश का द्यावे, हे बोळिंज-आगाशीकडील बागायतदारास सांगावे लागत नाही. परंतु पालाशातील पोटॅशियम माणसासही तितकेच आवश्यक आहे, याचा विचार क्वचितच होतो. हृदयाचे ठोके, स्नायूंची व मज्जातंतूंची कार्ये त्यावर अवलंबून असतात; मिठाने वाढणारा रक्तदाब आटोक्यात ठेवण्यासही ते साहाय्य करते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली प्रौढांसाठी दररोज किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम सुचविले. १०० ग्रॅम केळ्यातून सुमारे ३६० मिलिग्रॅमच मिळते. तेव्हा एकट्या केळ्यावर भिस्त न ठेवता वाल, पालेभाज्या, रताळी व शहाळे यांची जोड द्यावी. भाजी उकडून पाणी फेकू नये. त्याबरोबर पोटॅशियमही जाते.

उत्तम माल बाजारात आणि उरलासुरला घरात, ही रीत बदलणे इष्ट होय. वाडीतील काही वाटा प्रथम मुलाबाळांसाठी राखावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही खताच्या मात्रेबरोबर ताटाची विचारपूस करावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच असा आहार घ्यावा. पीक पोसणाऱ्याचे घर पोषणात मागे राहू नये.