घरचा मऊ पाव

पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्यामागोमाग पदार्थही गोव्यात रुजला. तेथे पाव भाजणाऱ्यास पोदेर म्हणतात. पीठ फुगविण्यासाठी हे पोदेर पूर्वी नारळीची माडी घालीत. परक्या हातांनी, माडी घालून केलेला हा पदार्थ सोवळ्या घरांत निषिद्ध ठरला, यात नवल नाही. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. आपण जातिभेद मानीत नाही, याची ती खूण होती. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि लोकापवादाच्या भयाने ती मंडळी पांगली. पीठ फुगते ते खमिरातील सूक्ष्म जीवांमुळे, हे ज्या संशोधनातून उमगले, ते लुई पाश्चर यांचे कार्य फ्रान्समध्ये त्याच सुमारास चालले होते.

आज तो निषेध उरलेला नाही. तरीही पाव घरी करणारी कुटुंबे थोडीच. पहिल्या खेपेस पाव घट्ट झाला की दोष खमिराला दिला जातो आणि दुसऱ्या खेपेस ते दुप्पट घातले जाते. त्याने पाव फुगतो खरा, पण त्याला उग्र वास येतो. वस्तुतः मऊपणा येतो तो पुरेसे मळण्याने आणि पिठाला त्याच्या गतीने फुगू देण्याने.

बारा पावांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम कोरडे यीस्ट, २० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ, ४० ग्रॅम लोणी, २०० मिलिलिटर दूध व सुमारे १२५ मिलिलिटर पाणी घ्यावे. दूध उकळून कोमट केलेले असावे. कच्च्या दुधातील काही प्रथिनांमुळे पीठ सैल पडते. कोमट म्हणजे बोटाला सुखाने सोसेल इतके. कढत दुधात यीस्ट मरते आणि मग पीठ कितीही वेळ ठेवले तरी फुगत नाही.

लोणी वगळून सर्व जिन्नस एकत्र करावेत, मग लोणी घालून पंधरा मिनिटे तरी मळावे. पिठाचा तुकडा ताणला असता न फाटता पापुद्र्यासारखा पातळ झाला, की मळणे पुरे झाले असे समजावे. आरंभी ते हाताला चिकटते, म्हणून वरून मैदा घालीत राहू नये.

आता प्रश्न वेळेचा. पाककृतीत ‘एक तास ठेवावे’ असे लिहिलेले असते. पण तो तास कोठला? जबलपूर जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या गावी जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात दुपारी ४० च्या वर जातो. यीस्टला २५ ते ३० अंशांची ऊब मानवते. म्हणून थंडीत पातेले कोमट पाण्याच्या परातीत ठेवून ते दोन तासही लागले तरी थांबावे. उन्हाळ्यात पाऊण तासातच पाहावे. घड्याळापेक्षा पिठाकडे लक्ष असावे. ते दुप्पट झाले, की हलके दाबून बारा गोळे करावेत व लोणी लावलेल्या ताटलीत जवळजवळ मांडावेत. ते पुन्हा फुगू द्यावेत. बोटाने हळूच दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला, की भाजण्याची वेळ झाली.

आधी तापविलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर १५ ते १८ मिनिटे, वरचा रंग तांबूस होईपर्यंत भाजावेत. बाहेर काढताच लोणी लावून स्वच्छ कापडाखाली झाकावेत. वाफ आत राहिल्याने कवच मऊ होते. घरच्या गव्हाची कणीक वापरावयाची असल्यास मैद्याच्या एकतृतीयांश घ्यावी व पाणी किंचित वाढवावे. कोंड्यामुळे पाव थोडा कमी फुगेल, पण चव अधिक खमंग येईल.

जो पाव एके काळी चोरून खावा लागे, तो आता शेजारघरी ताटलीतून धाडता येतो. बारांतले चार तरी तसे धाडावेत.