ग्रामसभांनी आपला हक्क बजावावा

घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून गावाच्या कारभाराला घटनात्मक अधिष्ठान दिले. तथापि पंचायत म्हणजे वरून आलेल्या योजना राबविणारे कार्यालय, ही समजूत अद्याप रूढ आहे. रहिवाशांच्या हक्कांवर वरिष्ठ सत्तेकडून आक्रमण होत असेल, तर त्यांच्या बाजूने उभे राहणे हेही पंचायतीचे कर्तव्य होय, याची जाणीव क्वचितच दिसते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांना ही उणीव महागात पडणारी आहे.

चिमूर तालुक्यातील बंदर कोळसा खाणपट्ट्याचे उदाहरण घ्यावे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने लिलावासाठी जाहीर केलेल्या ४१ पट्ट्यांत त्याचा समावेश होता. ताडोबाच्या वाघांचा संचारमार्ग तेथून जातो, म्हणून राज्याच्या तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी हरकत घेतली व केंद्राने तो पट्टा वगळला. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु यादी दिल्लीत झाली, हरकत मुंबईहून गेली आणि दुरुस्तीही दिल्लीतच झाली. वाघाच्या वाटेचा विचार झाला हे योग्य. मात्र त्याच रानात मोहफुले वेचणाऱ्या व तेंदूपाने तोडणाऱ्या माणसाला विचारण्याची पायरी त्या यादीच्या पद्धतीत नव्हती. जे मंत्र्याच्या सद्भावनेने वाचते, ते मंत्री बदलताच धोक्यात येते.

वास्तविक कायदा गावाच्या बाजूचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार हक्कनिश्चितीचा आरंभ ग्रामसभेपासून होतो, आणि वनाचे रक्षण करण्याचा अधिकारही तिला आहे. ग्रामसभेच्या संमतीवाचून वनजमीन वनेतर कामासाठी वळती करता येणार नाही, असे केंद्रानेच २००९ मध्ये परिपत्रक काढून बजावले. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. बाराही ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण थांबली.

याच केंद्राने २०२२ मध्ये वनसंवर्धनाचे नवे नियम करून क्रम उलटा केला. केंद्राची अंतिम मंजुरी आधी, आणि वनहक्कांची पूर्तता झाली की नाही हे पाहण्याची जबाबदारी नंतर राज्याकडे! अक्षता पडल्यावर वधूची संमती विचारण्यासारखाच हा प्रकार. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानेही या नियमांना हरकत घेतली होती. संसदेने दिलेला हक्क नियमांच्या आडवाटेने निष्प्रभ करणे, हे सत्तेचे अतिक्रमणच होय.

देशाला कोळसा व वीज हवी, हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण २,९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र आणि धूळ, दोन्ही वागविणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्याला देशहिताचे धडे देण्याचे कारण नाही. अर्थशास्त्राचा साधा प्रश्न असा, की लाभ एकाच्या पदरी आणि खर्च दुसऱ्याच्या माथी पडत असेल, तर सौदा न्याय्य आहे हे कोणी ठरवायचे? ज्याला नकार देण्याचा अधिकार नाही, त्याला मिळणारी भरपाई ही किंमत नव्हे. ती केवळ देणाऱ्याची मर्जी होय.

ग्रामसभेला कारभार झेपत नाही, असेही म्हटले जाते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी वनखात्याशी झगडून २०११ मध्ये तोही मिळविला. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावानेही स्वतःचे नियम करून बांबूचा व्यवहार चालविला. चिमूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडत नसल्याने पेसा कायद्याचे संरक्षण त्याला नाही. वनहक्क कायदा मात्र येथेही पूर्णपणे लागू आहे.

म्हणून तालुक्यातील वनालगतच्या प्रत्येक ग्रामसभेने सामूहिक दावा नकाशा व पुराव्यांसह दाखल करावा. सभेला निम्मे सदस्य आणि उपस्थितांत एकतृतीयांश स्त्रिया हव्यात, हा नियम कागदोपत्री उरकू नये. न्यायालयात टिकतो तो खऱ्या सभेचाच ठराव. पंचायत समिती व जिल्हा परिषदेने तज्ज्ञ व वकील पुरवावेत आणि संमतीवाचून वनजमीन देण्यास विरोध करणारे ठराव राज्याकडे व केंद्राकडे पाठवावेत. गावोगावच्या शिक्षकांनी, कारकुनांनी व विद्यार्थ्यांनी दावे लिहिण्यास हातभार लावावा.

१६ ऑगस्ट १९४२ च्या उठावानंतर चिमुरात लष्कराने केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी, एवढ्या मागणीसाठी सेवाग्रामच्या प्रा. भणसाळींना ६३ दिवस उपोषण करावे लागले. परक्या राजवटीत गावाच्या हाती कायद्याने दिलेले साधन नव्हते. आज ते आहे. ते वापरण्यासाठी कोणाला प्राण पणाला लावावे लागत नाहीत. सभा भरवून, ठराव करून त्यावर ठाम राहावे लागते. एवढेही न घडल्यास दोष केवळ दिल्लीला देता येणार नाही.